बेताच्या बजेटमध्ये फुल सस्पेन्शन एमटीबी (माउंटन बाइक) घेताना काय बघायचं

जेवढ्या पैशात तुम्ही फुल सस्पेन्शन सायकल बघताय तेवढ्यात हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेली, कायम एक-दोन पायऱ्या वरची मिळते, हे आधीच सांगून ठेवतो म्हणजे नंतर चुटपुट नको. कारण काही गूढ नाहीये, मागचा शॉक, लिंका, बेअरिंगचा अख्खा संच आणि दोन भागांत बनणारी फ्रेम ह्यांचे पैसे कुठूनतरी काढावेच लागतात, किंमत तर वाढवायची नसते, मग कंपनी ते फोर्कमधून (पुढच्या सस्पेन्शनमधून) काढते, ब्रेकमधून काढते, चाकांतून काढते. तुमचं चालवणं मुख्यतः डांबरी रस्ता, मुरमाचा रस्ता आणि मधूनमधून थोडं रान असं असेल तर सरळ हार्डटेल घ्या, पुढचं वाचायचीही गरज नाही. पण दगडधोंडे, झाडांची मुळं, खडबडीत उतार, तासन्तास सीटवर बसून कंबर बोलायला लागते असं काही असेल तर फुल-सस खरंच वेगळी वस्तू आहे. मागचं चाक उड्या मारत नाही, जमिनीला धरून राहतं, त्यामुळे खडकाळ चढावर ग्रिप मिळते आणि उतारावर मागचा ब्रेक खरोखर लागतो. लोक आरामासाठी घेतात, पण माझ्या मते आराम हा वरचा फायदा आहे, खरा फायदा ग्रिपचा.

आणि एक प्रकार आधीच बाजूला काढून ठेवा. दोन स्प्रिंगा लावून "फुल सस्पेन्शन" म्हणून विकल्या जाणाऱ्या सायकली असतात, दिसायला दणकट, किंमत साध्या सायकलीएवढी. मागे जाड रंगवलेली स्प्रिंग, त्यावर कुठल्याही शॉक कंपनीचं नाव नाही, कुठे फिरवायची खुंटी नाही. सीटवर पूर्ण जोर देऊन दाबा आणि सोडा, टुणकन वर आली आणि वर येऊन पुन्हा डुलली तर आत हालचाल आवरणारं तेलाचं डॅम्पर नाहीच असं समजा. अशा सायकलींच्या माहितीपुस्तिकेत बऱ्याचदा बारीक अक्षरात लिहिलेलंही असतं की खडबडीत वाटेवर किंवा उड्या मारायला वापरू नका. म्हणजे ज्या कामासाठी घेतली तेच करू नका! गैरसमज नको, कॉइल स्प्रिंग वाईट नसते, डाउनहिलवाले मुद्दाम कॉइल शॉक लावतात, पण त्यांच्या स्प्रिंगच्या आत डॅम्पर असतो आणि रिबाउंड, म्हणजे दबल्यावर परत वर येण्याचा वेग, कमी-जास्त करता येतं. अशी नकली फुल-सस घेण्यापेक्षा त्याच पैशात साधी सस्पेन्शन नसलेली एमटीबी शंभर पटीने बरी.

आता मुद्द्यावर येऊ. पैसे बेताचे असले की सगळंच चांगलं मिळणार नाही, कुठेतरी पाणी सोडावं लागणारच, मग ते कुठे सोडायचं एवढंच ठरवायचं असतं. माझा हिशोब असा की जे नंतर बदलता येणार नाही ते आधी बघायचं, जे बदलता येतं पण महाग पडतं ते त्याच्या मागून, आणि जे वापरून वापरून झिजणारच आहे, आज ना उद्या बदलायचंच आहे, ते सगळ्यात शेवटी. दुकानात बरोबर उलटं होतं, आपण आधी मागचं डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा पार्ट) बघतो कारण त्याच्यावर नाव मोठं लिहिलेलं असतं.

फ्रेम

फ्रेम बदलता येत नाही, म्हणजे बदलली तर सायकलच बदलली. या बजेटमध्ये अॅल्युमिनियमच मिळेल आणि अॅल्युमिनियमच घ्यावी, कार्बन दाखवून कोणी खूप स्वस्तात देत असेल तर बाकीचे पार्ट काय लावलेत ते बघा, चेहरा पडेल. पूर्ण सायकलचं वजन १४ ते १६ किलोच्या आसपास येतं, ते मान्य करून टाका, या वर्गात एक किलो इकडे-तिकडे झाल्याने चालवताना जो फरक पडतो त्याहून कितीतरी जास्त फरक साइज आणि जॉमेट्रीने, म्हणजे फ्रेमच्या लांब्या आणि कोनांनी, पडतो.

जॉमेट्रीचा तक्ता प्रत्येक कंपनीच्या वेबसाइटवर असतो, त्यात तीन-चारच आकडे नीट बघा. पहिला रीच. उभं राहून पेडलवर असताना तुम्हाला पुढे किती जागा आहे ते हा सांगतो, आजच्या ट्रेल सायकलींमध्ये (रानवाटांवर चढ-उतार दोन्हीसाठी असतात त्या) मीडियम साइजला तो साधारण ४४० ते ४६० मिमी असतो. एका कंपनीची मीडियम दुसऱ्या कंपनीच्या लार्जएवढी निघू शकते, त्यामुळे साइजच्या अक्षरावर जाऊ नका, आकड्यावर जा. दुसरा हेड अँगल, पुढचा फोर्क किती आडवा झुकलाय ते, ट्रेल सायकलला ६५ ते ६६.५ अंश म्हणजे आजच्या काळातलं झालं. ६८-६९ दिसला तर एकतर ती क्रॉस कंट्रीसाठी आहे किंवा बऱ्याच वर्षांपूर्वीचं डिझाइन आहे, तीव्र उतारावर ती तुम्हाला हँडलवरून पुढे फेकतेय असं वाटत राहील.

तिसरा सीट अँगल, आणि याच्याकडे लोक सगळ्यात कमी बघतात. ७५ ते ७७ अंश हवा. फुल-ससमध्ये तो हार्डटेलपेक्षा जास्त महत्त्वाचा आहे कारण तुम्ही बसलात की मागचा शॉक थोडा दबतो, मागची बाजू खाली जाते, आणि कागदावरचा अँगल प्रत्यक्षात आणखी दीड-दोन अंशांनी पडतो, मग चढावर वजन मागच्या चाकावर जातं, पुढचं चाक हलकं होऊन इकडे-तिकडे भरकटायला लागतं आणि माणूस म्हणतो की फुल-सस चढत नाही. चढते, सीट जागेवर नसते.

सीट ट्यूबची लांबी पण बघा, ती आखूड असेल तर लांब ड्रॉपर (चालवता चालवता खटक्याने सीट खाली-वर करणारी दांडी) बसतो आणि दोन साइजच्या मध्ये अडकलेल्यांना वरची साइज घ्यायला मोकळीक मिळते.

मग फ्रेमची मापं, म्हणजे स्टँडर्ड. मागे १२ बाय १४८ मिमीचा आरपार जाणारा थ्रू अॅक्सल, पुढे १५ बाय ११०, म्हणजे ज्याला बूस्ट म्हणतात ते, टेपर्ड, म्हणजे खाली रुंद होत जाणारी हेडट्यूब, आणि ड्रॉपरची केबल आतून न्यायला भोक. एवढं असेल तर पुढची कित्येक वर्षं फोर्क, चाकं, काहीही सहज मिळेल. मागे क्विक रिलीज (खटक्याची बारीक सळी) असलेली फुल-सस मी तरी सोडून देईन, मागचा भाग आधीच सांध्यांवर हलतो त्यात अॅक्सलही लवचिक म्हणजे वळणावर मागचं चाक वेगळीकडेच चाललंय असं वाटतं. बॉटम ब्रॅकेट (क्रँकच्या आसाची बेअरिंग) आट्यांचा असेल तर उत्तम, प्रेस फिट असेल तर कुरकुर सहन करायची तयारी ठेवा. यूडीएच हँगर, म्हणजे मागचं डिरेलर ज्याला टांगतात तो ठरावीक मापाचा तुकडा, असेल तर सोन्याहून पिवळं, कारण स्रॅमने २०१९ मध्ये आणलेला हा हँगर आता बऱ्याच कंपन्या वापरतात, पडलात आणि वाकला तर नवा शोधत बसावं लागत नाही.

लिंकेजवर, म्हणजे मागचं चाक वर-खाली नेणाऱ्या सांध्यांच्या रचनेवर, वाद घालणारे लोक खूप भेटतील. सिंगल पिवट, हॉर्स्ट लिंक, व्हीपीपी, डीडब्ल्यू लिंक, जो तो आपलं घोडं पुढे दामटतो. या बजेटमध्ये बहुतेक करून सिंगल पिवटचे प्रकार किंवा हॉर्स्ट लिंक मिळतं. हॉर्स्ट लिंकचं पेटंट बरीच वर्षं स्पेशलाइज्डकडे होतं, अमेरिकेत ते २०१३ च्या सुमारास संपलं, त्यामुळे एकेकाळी महाग वाटणारी ही रचना आता बजेटच्या सायकलीतही दिसते. जायंटची स्टान्स वेगळ्या वाटेने जाते, तिच्यात मागच्या अॅक्सलजवळ सांधाच नाही, मागच्या नळ्या स्वतःच किंचित लवतात, म्हणजे तेवढी बेअरिंग कमी आणि खर्चही कमी. कुठलीही रचना नीट केली तर चालते, वाईट केली तर पेटंटही वाचवत नाही. मी रचनेच्या नावाऐवजी दोन गोष्टी विचारतो: सांध्यांत सीलबंद बेअरिंग आहेत की नुसते बुश (गोळ्या नसलेल्या साध्या नळ्या), आणि त्या बेअरिंगचा संच सुटा विकत मिळतो का. दुसऱ्या प्रश्नावर दुकानदार गप्प झाला तर मीही पुढे सरकतो.

ट्रॅव्हल किती

ट्रॅव्हल म्हणजे सस्पेन्शनवर चाक जास्तीत जास्त किती वर-खाली होतं ते. १०० ते १२० मिमी क्रॉस कंट्री, १२० ते १५० ट्रेल, १५० ते १८० एन्ड्युरो, २०० च्या आसपास डाउनहिल, ढोबळमानाने असं. बेताच्या बजेटमध्ये १२० ते १४० च्या बाहेर जाऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे. जास्त ट्रॅव्हल म्हणजे जास्त चांगली सायकल हा हिशोबच चुकीचा आहे, १६० मिमीच्या सायकलीला तेवढा जाड फोर्क लागतो, तेवढे ताकदीचे ब्रेक लागतात, जाड टायर लागतात, आणि हे सगळं स्वस्तात करायला गेलं की लांबलचक पण लुळा फोर्क मिळतो. १३० मिमीचा चांगला डॅम्पर १६० च्या वाईट डॅम्परपेक्षा जास्त खड्डे गिळतो. आणि सपाटीवर, चढावर, म्हणजे जिथे तुमचा बहुतेक वेळ जाणार आहे तिथे, जास्तीचं ट्रॅव्हल नुसतं ओझं आहे.

चाकाचं म्हणाल तर २९ इंची घ्या, उंची कमी असेल किंवा खेळकर सायकल हवी असेल तर २७.५. काही कंपन्या लहान साइजला आपोआप २७.५ देतात. याच्यावर यापेक्षा जास्त डोकं लावू नका. २६ इंची मात्र कितीही स्वस्त मिळाली तरी नको, चांगले टायर आणि फोर्क शोधताना जीव जाईल.

फोर्क आणि शॉक, इथे वेळ घालवा

बदलायला महाग पडणाऱ्या पार्टमध्ये हे दोन सगळ्यात वर. फोर्कमध्ये पहिली गोष्ट, स्प्रिंग हवेची हवी. हवेची असली की तुमच्या वजनाप्रमाणे पंपाने प्रेशर भरता येतं, लोखंडी स्प्रिंगमध्ये तुमचं वजन कारखान्याने गृहीत धरलेल्या वजनापेक्षा वेगळं असेल तर स्प्रिंगच बदलावी लागते, आणि स्वस्त फोर्कसाठी ती मिळतेच असं नाही. दुसरी गोष्ट, खाली लाल किंवा काळी रिबाउंडची खुंटी आहे का. वरच्या बाजूला प्रीलोडची खुंटी असते ती दाखवून कोणी "अॅडजस्टेबल सस्पेन्शन आहे" म्हणालं तर हसून सोडून द्या, तिने स्प्रिंगवरचा सुरुवातीचा दाब बदलतो, डॅम्पिंग नाही.

तिसरी गोष्ट नळ्यांची जाडी. सनटूरचे एक्ससीटी, एक्ससीएम हे फोर्क साध्या सायकलींसाठी आहेत, फुल-ससवर दिसले तर बजेट कुठे कापलं ते कळलं. रॉकशॉक्समध्ये ज्युडी ३० मिमीच्या नळ्यांचा, रिकॉन ३२ चा, ३५ गोल्ड आणि पाइक ३५ चे. मार्झोकीचा बॉम्बर झेड२ आणि फॉक्सचा ३४ रिदम ३४ मिमीचे. १२० मिमी ट्रॅव्हलवर ३२ चालून जातं, हलक्या माणसाला तर आरामात, १३०-१४० वर मात्र ३४-३५ बघा, नाहीतर दगडांत जोरात ब्रेक मारला की फोर्क मागे वाकतोय ते हाताला कळतं. आणि जाडी सारखी म्हणून फोर्क सारखा असं नाही हं, ३५ गोल्ड आणि पाइक दोन्ही ३५ मिमीचेच पण आतला डॅम्पर आणि वजन यांत चांगलाच फरक आहे.

शॉकचं गणित थोडं वेगळं. मागच्या चाकाचं ट्रॅव्हल भागिले शॉकचा स्ट्रोक (शॉक स्वतः किती दबतो ते) म्हणजे लिव्हरेज. १४० मिमी ट्रॅव्हल आणि ५५ मिमी स्ट्रोक असेल तर ते अडीचच्या आसपास येतं, छान. तीनच्या जवळ गेलं तर त्याच वजनाला शॉकमध्ये जास्त प्रेशर भरावं लागतं, आणि वजनदार माणूस असेल तर शॉकवर छापलेल्या कमाल प्रेशरपर्यंत पोचतो, पुढे वाव उरत नाही. म्हणून नव्वद-शंभर किलोच्या लोकांनी हा भागाकार घरीच करून बघावा, दोन्ही आकडे कंपनीच्या माहितीत असतात. शॉकचं माप पण नेहमीचं हवं, २१० बाय ५५, २३० बाय ६५ अशी मापं सहज मिळतात. एखाद्या मॉडेलसाठी खास बनवलेला शॉक बिघडला की पर्याय शोधताना घाम फुटतो.

आता हे सगळं बघून झालं आणि सायकल समोर आहे, तरी सॅग, म्हणजे तुम्ही नुसतं बसल्यावर सस्पेन्शन किती दबावं ते, न लावता ती चालवून बघणं म्हणजे दुसऱ्याचा चष्मा लावून दुकानाची पाटी वाचणं. दुकानात शॉक पंप मागा, त्यांच्याकडे असतोच. शॉकच्या चकचकीत नळीवर एक रबरी रिंग असते. नेहमीचे बूट, बॅग, हेल्मेट घालून भिंतीला किंवा मित्राला धरून सायकलवर बसा, दोन-तीनदा हलकं दाबा म्हणजे सील मोकळं होईल, मग शांत बसून कोणालातरी ती रिंग सीलला टेकवायला सांगा आणि झटका न देता हळूच उतरा. रिंग किती सरकली ते मोजपट्टीने मोजा. मागे २५ ते ३० टक्के हवं, म्हणजे ५५ मिमी स्ट्रोकवर १४ ते साडेसोळा मिमी. जास्त सरकली तर हवा भरा, कमी सरकली तर थोडी सोडा. पुढच्या फोर्कला हेच पण पेडलवर उभं राहून, १५ ते २० टक्के. रिबाउंडची खुंटी पूर्ण एका टोकाला फिरवा मग दुसऱ्या टोकाला, दोन्हीकडे दाबून सोडल्यावर वर येण्याच्या वेगात ठळक फरक दिसला पाहिजे, नाही दिसला तर खुंटी शोभेची आहे किंवा डॅम्पर गेलाय. मग अंदाजे मध्यावर ठेवून निघा.

ब्रेक, गिअर, बाकीचं

ब्रेक हायड्रॉलिकच, केबलवाले डिस्क फुल-ससवर नकोत. शिमानोचे एमटी२०० दोन पिस्टनचे, साधे आणि भरवशाचे, हलक्या माणसाला पुरतात, एमटी४२० किंवा एमटी५२० चार पिस्टनचे मिळाले तर आनंदाने घ्या. पुढचा रोटर, म्हणजे ब्रेकची चकती, निदान १८० मिमी. एक बारकी गोष्ट, रोटरवर वाकून बघा, काही स्वस्त रोटरवर छापलेलं असतं की फक्त रेझिन पॅड वापरा. म्हणजे पुढे मेटलचे पॅड लावायचे म्हटलं तर रोटरही बदलायचा, आणि तो सेंटरलॉकवाला आहे की सहा बोल्टवाला तेही हबवर अवलंबून. मोठा खर्च नाही पण माहीत असलेला बरा.

गिअरला फार वेळ देत नाही, चेन, कॅसेट (मागच्या दातेरी चकत्यांचा संच) झिजणारे पार्ट आहेत. शिमानो डिओर, मागे ११ गिअर असोत की १२, डोळे झाकून घ्या. स्रॅमचा एसएक्स ईगल चालतो पण सेटिंग पटकन हलतं आणि जड आहे, तरी फ्रेम आणि फोर्क चांगले असतील तर एसएक्समुळे सायकल सोडू नका. मागच्या डिरेलरला क्लच, म्हणजे चेन ताणून धरणारी सोय, मात्र हवाच, नाहीतर खडबडीत उतारावर चेन फ्रेमवर आपटत राहते आणि निघूनही जाते. एक फसवणूक म्हणणार नाही पण चलाखी जरूर, डिरेलर वरच्या दर्जाचं लावायचं कारण ते दिसतं, आणि शिफ्टर, कॅसेट, चेन खालच्या दर्जाचे. शिफ्टर बोटाखाली असतो, त्याचा दर्जा जास्त जाणवतो. आणि फ्रीहब, म्हणजे मागच्या हबचा ज्यावर कॅसेट बसते तो भाग, कुठला आहे ते विचारा. डिओर १२ स्पीडची १०-५१ दातांची कॅसेट मायक्रो स्प्लाइन फ्रीहबवर बसते, पण काही सायकलींना डिरेलर डिओरचं आणि कॅसेट दुसऱ्या कंपनीची ११-५१, जुन्या एचजी फ्रीहबवर, अशी जोडी असते. चालते व्यवस्थित, फक्त पुढे शिमानोची १०-५१ लावायची झाली तर फ्रीहब बदलावा लागेल, आणि तो त्या हबला मिळेल की नाही हा वेगळा प्रश्न.

ड्रॉपर पोस्ट असेल तर चांगलंच, नसेल तर नंतर बसवता येतो, फ्रेममध्ये केबलची सोय आणि सीट ट्यूबचं माप, ३०.९ किंवा ३१.६ किंवा ३४.९, एवढं माहीत पाहिजे. पण दोन सारख्या सायकलींत एकीला ड्रॉपर असेल आणि दुसरीला एक पायरी वरचं डिरेलर असेल तर ड्रॉपरवाली घ्या, उतारावर सीट बाजूला होणं काय असतं हे एकदा कळलं की मागे जाता येत नाही. रिम ट्यूबलेस रेडी असाव्यात. टायर मात्र या वर्गात बऱ्याचदा नाव चांगलं आणि रबर कडक असे येतात, एकाच मॉडेलचे टायर कंपन्या तीन-चार दर्जात बनवतात आणि सायकलला खालचा लागतो. पुढचा टायर मऊ रबराचा टाकणं हा सगळ्यात कमी खर्चात सगळ्यात जास्त फरक पाडणारा बदल आहे, त्याचे पैसे आधीच धरून ठेवा.

सेकंडहँड

खरं सांगायचं तर बेताच्या बजेटमध्ये सगळ्यात चांगला सौदा तीन-चार वर्षं जुनी, नीट ठेवलेली सायकल हाच असतो. २०२० च्या पुढच्या ट्रेल सायकलींची जॉमेट्री आजच्यापेक्षा फार वेगळी नाही, म्हणजे जुनी घेऊन तुम्ही मागे पडत नाही. पण फुल-ससमध्ये लपायला जागा खूप असतात, तेव्हा घाई करू नका आणि सायकल धुतलेली नसेल तर स्वतः फडकं घेऊन जा.

एका हाताने सीट धरून मागचं चाक जमिनीवरून किंचित उचला, अगदी हळू, आणि दुसऱ्या हाताचं बोट शॉकच्या टोकाच्या सांध्यावर ठेवा. टक असा बारीक धक्का बोटाला लागला तर तिथला बुश गेलाय, तो स्वस्तात बदलतो. आता तेच बोट बाकीच्या सांध्यांवर ठेवत जा, मग मागचं चाक धरून आडवं हलवा. मेन पिवटला, म्हणजे मुख्य सांध्याला, खेळ असेल तर ते बेअरिंगचं काम, आणि खेळ असताना बरेच महिने चालवली असेल तर फ्रेममधली बेअरिंगची बैठकच खाल्लेली असू शकते, ती दुरुस्त होत नाही. इथे किंमत पाडून घेण्याचा मोह टाळा, सरळ नमस्कार करा.

फोर्क आणि शॉकच्या नळ्यांवरून नख फिरवा. नख अडकेल असा ओरखडा असेल तर तिथून तेल गळणार आणि धूळ आत जाणार. फोर्कच्या नळीवरचा रंग एका बाजूने उडून पांढुरका पडला असेल तर सर्व्हिस कधी केलीच नाही असं समजा. शॉक दाबून सोडल्यावर पूर्ण वर येतो का, की थोडा खालीच बसतो? हवा भरून शक्य असेल तर रात्रभर ठेवून सकाळी बघा. भेगा शोधायच्या जागा ठरलेल्या आहेत: हेडट्यूबखालची वेल्डिंग, शॉक जिथे फ्रेमला धरलाय ती जागा, मेन पिवटच्या आसपास, आणि मागच्या टायरजवळ जिथे चेनस्टेच्या (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या) दोन नळ्या जुळतात तिथे. रंगावर केसासारखी रेघ दिसली आणि पुसूनही गेली नाही तर ती रंगाची आहे असं विकणारा म्हणेल, म्हणू दे. चेन गेजने चेन तपासा, १२ स्पीडला ०.५ टक्के ताणली म्हणजे संपली, आणि ती फार ताणलेली असेल तर कॅसेटही गेली असणार. शिमानोच्या रोटरवर कमीत कमी जाडी १.५ मिमी अशी छापलेली असते, नखाने कडेला धार जाणवली की मोजून बघा. कार्बन फ्रेम सेकंडहँड घेताना ती किती आणि कशी पडली हे माहीत नसेल तर मी घेणार नाही.

फ्रेमखालचा सिरियल नंबर खरवडलेला नाही ना हे बघा आणि मूळ बिल मागा. वॉरंटी बहुतेक कंपन्यांची पहिल्या मालकापुरतीच असते, बिल वॉरंटीसाठी नाही, सायकल त्याचीच आहे ना यासाठी.

नवीनच हवी असेल तर मागच्या वर्षाचं मॉडेल बघा, रंग बदलण्यापलीकडे बऱ्याचदा काही बदललेलं नसतं. फक्त उरतात त्या एकदम छोट्या आणि एकदम मोठ्या साइज, सवलत बघून चुकीची साइज उचलू नका. कॅन्यन, वायटी, कमान्साल ह्यांच्यासारख्या थेट ग्राहकाला विकणाऱ्या कंपन्या त्याच पैशात एक पायरी वरचे पार्ट देतात, पण खोक्यातून काढून जोडणं, काही बिघडलं तर पाठवणं हे तुमच्याकडे. तुमच्या आसपास फोर्क उघडणारा मेकॅनिक नसेल तर दुकानातून घेतलेली थोडी साधी सायकलच शेवटी स्वस्त पडते.

चालवून बघताना आणि घेतल्यावर

सॅग लावून झालं की सीटवर बसून एक बरा चढ चढा, शॉकचा लॉक उघडा ठेवून. थोडी डुलकी सगळ्याच घेतात, प्रत्येक पेडलला सायकल खोल बसत असेल तर ती नको. मग उभं राहून हळू वेगात अरुंद वळणं घ्या, पायरीवरून उतरवा, पुढचा ब्रेक दाबून हँडल मागे-पुढे हलवा. कान उघडे ठेवा, नव्या सायकलीतून टकटक येता कामा नये.

पैशातला काही भाग सायकलीत न घालता बाजूला ठेवा: शॉक पंप, पुढचा टायर, ट्यूबलेसचं सीलंट, गुडघ्याचे पॅड, आणि सर्व्हिस. रॉकशॉक्स फोर्कच्या खालच्या भागाची आणि शॉकच्या एअर कॅनची सफाई दर ५० तासांनी करायला सांगतं. ते काम अॅलन की, थोडं तेल आणि एक व्हिडिओ बघून घरी होतं, डॅम्परला मात्र हात लावू नका, तो मेकॅनिकचा. धुताना प्रेशरचं पाणी सांध्यांवर आणि सीलवर मारू नका, बादली आणि ब्रश पुरतो. पहिल्या काही राइड झाल्या की सगळे लिंकेजचे बोल्ट एकदा तपासा, नव्या सायकलीत ते बसतात आणि किंचित ढिले होतात. हे काम अंदाजाने नको, टॉर्क रेंच आणून कंपनीच्या तक्त्यातल्या आकड्यावर आवळा, आणि जो बोल्ट पूर्ण बाहेर काढाल त्याला परत बसवताना निळं थ्रेडलॉक लावा.